मोटारीची नियमित देखभाल : कशासाठी, केव्हा आणि कशी?

शेगाव (प्रतिनिधी) : श्री संत गजानन महाराजांच्या दर्शनासाठी शेगावी येणारा भाविक पूर्वी प्रामुख्याने मुंबई-नागपूर लोहमार्गाने अथवा एसटीने येत असे. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले. माघ वद्य सप्तमीचा प्रकट दिन, रामनवमी, ऋषिपंचमीची पुण्यतिथी आणि एरवीचे गुरुवार व सुट्यांचे दिवस, या सर्व वेळी खासगी मोटारींची मोठी वर्दळ गावात दिसते. नागपूर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, इंदूर अशा दूरदूरच्या शहरांतून कुटुंबे स्वतःच्या वाहनाने निघतात आणि एका दमात कित्येकशे किलोमीटरचे अंतर कापतात. निघण्यापूर्वी गाडीला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, नारळ फोडला जातो. परंतु त्याच चाकातील हवा किती आहे, हे पाहण्यास मात्र पुष्कळदा सवड मिळत नाही.

मोटारीची देखभाल हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाही. घरातील चार-पाच माणसांचे प्राण ज्या यंत्रावर सोपवून प्रवास करावयाचा, त्या यंत्राची प्रकृती ठीक आहे काय, हे जाणून घेणे कुटुंबप्रमुखाचे कर्तव्यच होय. त्या दृष्टीने वाहनधारकांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्रित दिली आहे.

रस्ते सुधारले, जबाबदारी वाढली

शेगावपासून सुमारे १७ किलोमीटरवरील खामगावातून जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आताचा क्रमांक ५३, जातो. खामगाव-मेहकरमार्गे पंढरपूरच्या दिशेने जाणारा पालखी मार्गही रुंद झाला आहे. हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरच्या टप्प्याचे लोकार्पण होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस उपलब्ध झाला. हा मार्ग बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मेहकरला उतरून खामगावमार्गे शेगाव गाठणे आता सोपे झाले आहे.

या मार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची कमाल वेगमर्यादा आहे. या वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते आणि तिचे प्रत्येक चाक मिनिटाला साधारण हजार फेरे घेते. गावातल्या गावात ताशी ३० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीतील जो दोष वर्षभर खपून जातो, तोच दोष या वेगात काही मिनिटांत उघडा पडतो. झिजलेला टायर, ओलावा शोषलेले ब्रेक तेल, गळका रेडिएटर पाइप यांची खरी परीक्षा महामार्गावरच होते आणि तेथे मदतीला जवळपास कोणीही नसते.

१ जुलै २०२३ च्या पहाटे याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी प्रवासी बसला आग लागून २५ प्रवाशांचा होरपळून मृत्यू झाला. टायर फुटल्याने अपघात झाल्याचे प्रारंभी सांगण्यात आले. मात्र परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडणे जसे योग्य नव्हे, तसेच टायरकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे, हाच यातील बोध आहे. त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धी महामार्गावर टायर तपासणीची मोहीम हाती घेतली आणि गुळगुळीत टायर असलेल्या वाहनांना महामार्गावर जाण्यापासून रोखले.

'सर्व्हिसिंग' म्हणजे नेमके काय?

गाडी धुऊन, पुसून, तेल बदलून आणणे म्हणजे सर्व्हिसिंग, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक नियमित देखभालीचे तीन भाग असतात. पहिला भाग झिजणाऱ्या वा खराब होणाऱ्या वस्तू ठरावीक मुदतीने बदलण्याचा. यात इंजिन तेल, गाळण्या, ब्रेक तेल, कुलंट, स्पार्क प्लग या गोष्टी येतात. दुसरा भाग तपासणीचा. ब्रेक पॅडची जाडी, टायरची झीज, पट्टे, रबरी नळ्या, चाकांचे बेअरिंग, स्टिअरिंगचे सांधे व शॉक अॅब्सॉर्बर यांची पाहणी त्यात होते. तिसरा भाग समायोजनाचा असून चाकांचे अलाइनमेंट, बॅलन्सिंग व दिव्यांची दिशा यांचा त्यात अंतर्भाव होतो.

अॅम्बॅसडर आणि फियाटच्या काळात मोटारीला वारंवार हात लावावा लागे. कार्बुरेटर साफ करणे, पॉइंट घासणे, टॅपेट जुळविणे ही कामे गल्लीतील मिस्त्री सर्रास करीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे स्वरूप हळूहळू बदलू लागले. पुढे कार्बुरेटरची जागा इंधन प्रक्षेपण यंत्रणेने घेतली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे संवेदक आणि संगणकीय नियंत्रण अधिक बारकाईचे झाले. आजची गाडी क्वचित बिघडते, म्हणून तिला देखभालीची गरजच नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात देखभालीच्या पाळ्यांमधील अंतर वाढले आहे, पाळ्या संपलेल्या नाहीत. आणि पाळ्या कमी झाल्यामुळे त्यातील एखादी चुकविणे पूर्वीपेक्षा अधिक महाग पडते.

किलोमीटर की महिने?

बहुतेक नव्या मोटारींना पहिल्या एक हजार, पाच हजार व दहा हजार किलोमीटरला मोफत सेवा मिळते आणि त्यानंतर दर दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग करावे, असे सांगितलेले असते. 'जे आधी येईल ते' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचा मालक 'अजून दहा हजार झाले नाहीत' म्हणून दोन-तीन वर्षे थांबतो. परंतु इंजिन तेल न वापरताही जुने होते, ब्रेक तेल हवेतील ओलावा शोषत राहते आणि रबर कडक होत जाते.

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत 'खडतर वापर' या शीर्षकाखाली आणखी एक तक्ता असतो. तो सहसा कोणी वाचत नाही. धुळीचे रस्ते, कडक उन्हाळा, वारंवार थांबत जाणे, इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारा छोटा प्रवास, अशा वापरासाठी तेल व गाळण्या लवकर बदलाव्यात, असे त्यात नमूद असते. घर ते बाजारपेठ, बाजारपेठ ते शेत अशा फेऱ्या करणारी वऱ्हाडातील मोटार या व्याख्येत अचूक बसते. येथील वाहनधारकांनी पुस्तिकेतील साधारण तक्त्याऐवजी या दुसऱ्या तक्त्याकडे लक्ष देणे हिताचे आहे.

इंजिन तेल : यंत्राचे रक्त

इंजिनातील धातूचे भाग मिनिटाला हजारो फेऱ्यांनी एकमेकांवरून सरकत असतात. त्यांच्यामध्ये तेलाचा अत्यंत पातळ थर असतो म्हणूनच ते टिकतात. हे तेल घर्षण कमी करण्याबरोबरच उष्णता वाहून नेते, काजळी स्वतःमध्ये धरून ठेवते आणि गंज रोखते. कालांतराने त्यातील गुणकारी घटक संपतात, काजळी वाढते आणि तेलाचा गाळ बनू लागतो. हा गाळ तेलाच्या बारीक वाटा बुजवितो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात तर धोका अधिक, कारण टर्बोची चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते आणि तिचा आधार केवळ तेल हाच असतो.

तेलाची पातळी महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी घरीच तपासता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे, पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. कमी तेल जितके वाईट, तितकेच प्रमाणाबाहेर भरलेले तेलही वाईट. पुस्तिकेत सांगितलेल्या श्रेणीचेच तेल घ्यावे. धूर गाळणारी यंत्रणा असलेल्या नव्या डिझेल गाड्यांना कमी राख सोडणारे विशिष्ट तेल लागते. स्वस्तात मिळणारे साधे तेल घातल्यास ती महागडी गाळणी बुजते. तेल बदलताना तेल गाळणीही बदलावी. नवे तेल जुन्या गाळणीतून फिरविण्यात अर्थ नाही.

खारपाणपट्ट्यातील रेडिएटर

शेगाव परिसराला लागू असलेली एक खास बाब येथे नोंदविली पाहिजे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भूभाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. शेगाव तालुक्याचा काही भागही त्यात येतो. येथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण अधिक असते. जे पाणी पिकाला मानवत नाही, ते रेडिएटरलाही मानवत नाही.

कुलंट कमी झाले की जवळच्या हातपंपाचे पाणी ओतण्याची सवय सर्वत्र आहे. गरम इंजिनात या पाण्यातील क्षार धातूच्या आतील बाजूस थर धरतात. घरातील पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर जमतो, तसाच हा प्रकार होय. थर वाढला की उष्णता बाहेर पडत नाही, शिवाय क्षारांमुळे अॅल्युमिनियमचे भाग गंजतात. कुलंट हे ग्लायकोल, शुद्ध पाणी आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण असते. ते साध्या पाण्यापेक्षा अधिक तापमानाला उकळते. त्यामुळे डिक्कीत तयार कुलंटची बाटली ठेवणे श्रेयस्कर. ते नसेल तर बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. अडचणीच्या प्रसंगी साधे पाणी घालावेच लागले, तर गावी पोहोचताच यंत्रणा धुऊन योग्य कुलंट भरून घ्यावे. वेगवेगळ्या प्रकारची कुलंट एकत्र करू नयेत. केवळ रंग सारखा आहे म्हणून प्रकार सारखा असतोच असे नाही.

तापमानाचा काटा वर चढला अथवा लाल दिवा लागला, तर वातानुकूलन यंत्र तत्काळ बंद करावे, गाडी सुरक्षित जागी घेऊन थांबवावी आणि इंजिन बंद करावे. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' हा विचार इंजिनाचे हेड वाकविण्यास पुरेसा ठरतो. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील दाबाखालचे उकळते पाणी उसळून चेहरा व हात भाजण्याचा धोका असतो.

कपाशीच्या हंगामात शेतातील धूळ, कचरा व रुईचे तंतू रेडिएटर आणि वातानुकूलन यंत्राच्या जाळीत अडकू शकतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ही जाळी हवेने किंवा हलक्या दाबाच्या पाण्याने साफ करून घ्यावी. गाडी खाऱ्या पाण्याने धुण्याचे टाळावे. तसे करावेच लागल्यास शेवटी गोड्या पाण्याने धुऊन लगेच पुसावे, अन्यथा रंगावर डाग राहतात आणि सांध्यांतून गंज धरतो.

टायर : रस्त्याशी एकमेव नाते

गाडी कितीही भारी असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार टायरच्या तळहाताएवढ्या भागांतून. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि काँक्रीटचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा वेळी 'उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच ठेवा' असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला धोकादायक आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते व सुटते. या सततच्या वाकण्यातून आतल्या आत उष्णता निर्माण होते, रबर आणि आतील थर यांची पकड सुटते आणि टायर फुटतो. टायर फुटण्यामागे बाहेरच्या उन्हाइतकेच हे आतले तापणे कारणीभूत असते.

चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर टायरमधील हवेचा दाब लिहिलेला असतो. पूर्ण प्रवासी व सामान असताना तो किती असावा, हेही बहुधा तेथेच दिलेले असते. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी गाडी फारशी चाललेली नसताना, दाब तपासावा. प्रवासात टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. नायट्रोजन भरला तर दाब अधिक काळ टिकतो, पण त्यामुळे तपासणी टळत नाही. जादा चाकातील हवाही याच वेळी पाहावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. टायरचे वयही महत्त्वाचे आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ३५२१ असे लिहिलेले असल्यास तो टायर २०२१ च्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. कमी चाललेल्या गाडीच्या टायरवर नक्षी शाबूत दिसते, परंतु वयामुळे रबराला भेगा पडलेल्या असतात. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. बाजूला फुगवटा किंवा काप दिसल्यास तो टायर त्वरित बदलावा.

ब्रेक : घाट उतरताना कळणारी गोष्ट

खामगावहून बोथामार्गे बुलढाण्यास जाताना अथवा मलकापूरकडून राजूरमार्गे बुलढाण्यास येताना घाट लागतो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात. ब्रेक तेल ओलावा शोषणारे असते. नवीन डॉट-४ प्रतीचे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच तेल ओलावा शोषल्यावर १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकते. तेल उकळले की नळीत वाफ धरते आणि पायाखालचे पेडल एकाएकी पोकळ लागते. म्हणून दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, ब्रेक तेल बदलणे आवश्यक आहे. गॅरेजमध्ये हे काम सर्वाधिक वेळा राहून जाते, कारण गाडी चालविताना त्याची उणीव जाणवत नाही. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या जोरावर वेग आवरावा, हेही तितकेच महत्त्वाचे.

ब्रेक लावताना कर्कश आवाज येणे, गाडी एका बाजूला ओढली जाणे, पेडलला कंप जाणवणे अथवा हँडब्रेक जास्त वर ओढावा लागणे, ही दुरुस्तीची सूचना समजावी. पॅड वेळीच बदलले तर थोडक्यात भागते. दुर्लक्ष केल्यास धातूवर धातू घासून डिस्कही बदलावी लागते.

लहान वस्तू, मोठे परिणाम

*हवा गाळणी :* इंजिनात जाणारी हवा गाळणारी ही कागदी घडी धुळीने भरली की इंजिनाचा जोर कमी होतो. शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी ती अधिक वेळा तपासावी.

*बॅटरी :* बॅटरी हिवाळ्यात बंद पडते असा समज असला, तरी तिचे आयुष्य मुख्यतः उन्हाळ्यात घटते. साधारण तीन ते पाच वर्षांनंतर लांबच्या प्रवासापूर्वी तिची चाचणी करावी. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर साफ करून घ्यावा.

*वायपर व काचा :* उन्हाने वायपरचे रबर कडक होते. मृगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वीच ते बदलावे.

*दिवे :* एक दिवा बंद असलेली मोटार रात्री समोरून दुचाकीसारखी दिसते. मागील व ब्रेकचे दिवे चालकाला दिसत नाहीत, म्हणून ते दुसऱ्या व्यक्तीकडून पाहून घ्यावेत.

*टायमिंग पट्टा :* काही इंजिनांत साखळीऐवजी रबरी पट्टा असतो. मुदत उलटल्यावर तो तुटला, तर झडपा व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी, हे प्रत्येकाने विचारून घ्यावे.

*उंदरांचा उपद्रव :* शेताजवळ किंवा धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहावे.

*सीएनजी गाड्या :* सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रातून जलदाब चाचणी करून घेणे बंधनकारक आहे.

*विजेवरील गाड्या :* या गाड्यांत इंजिन तेल नसते, तरी टायर, ब्रेक तेल, बॅटरीची शीतकरण यंत्रणा व निलंबन यांची तपासणी करावीच लागते. बॅटरीच्या वजनामुळे या गाड्यांच्या टायरवर अधिक भार येतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर चालविणे हा गुन्हा आहे. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र नोंदणीनंतर एक वर्षाने लागू होते. भारत स्टेज-४ व त्यापुढील मोटारींसाठी ते एक वर्षाच्या, तर त्यापूर्वीच्या वाहनांसाठी सहा महिन्यांच्या मुदतीचे असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नियमाच्या भंगास १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. नियमित निगा राखलेली गाडी या तपासणीत सहज उत्तीर्ण होते.

विम्याबाबतही एक गैरसमज आहे. सर्वसमावेशक विमा असला, तरी नैसर्गिक झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई त्यात साधारणतः मिळत नाही. तेलाअभावी जाम झालेल्या इंजिनाचा खर्च मालकालाच सोसावा लागतो. तसेच ठरलेल्या मुदतीत देखभाल केल्याची नोंद नसल्यास कंपनी हमीचा दावा नाकारू शकते.

अधिकृत केंद्र की ओळखीचे गॅरेज?

हमीचा काळ संपेपर्यंत अधिकृत सेवा केंद्रात जाणे सोयीचे. शेगावसारख्या गावातील मोटारधारकाला त्यासाठी खामगाव अथवा अकोला गाठावे लागते आणि एक दिवस मोडतो, म्हणून पाळी पुढे ढकलली जाते. हमी संपल्यावर अनुभवी स्थानिक मिस्त्रीकडे काम देण्यास हरकत नाही. गाडीचा इतिहास त्याला पाठ असतो, हा मोठा लाभ होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले तरुणही आता या व्यवसायात आहेत. संगणकीय दोष तपासणीचे यंत्र, योग्य तेल व अस्सल सुटे भाग त्या गॅरेजमध्ये आहेत किंवा नाहीत, एवढे पाहावे.

काम कोठेही दिले तरी काही पथ्ये पाळावीत. गाडी देतानाच जॉब कार्डवर तक्रार, किलोमीटर व अंदाजे खर्च लिहून घ्यावा. अंदाजाबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये, असे स्पष्ट सांगावे. बदललेले जुने भाग परत मागावेत. सुट्या भागांचे पक्के बिल घ्यावे. इंजिन आतून धुणे, विशेष लेप देणे यांसारख्या जादा सेवा सुचविल्या गेल्यास त्या पुस्तिकेत सांगितल्या आहेत काय, हे पाहूनच होकार द्यावा. तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर संपर्क साधता येतो, तसेच जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते.

खर्चाचे गणित

कापसाचे वा सोयाबीनचे भाव पडले, मुलांच्या शिक्षणाचा खर्च वाढला, की घरखर्चात पहिली कात्री गाडीच्या देखभालीला लागते. गाडी चालू असते, म्हणून हा खर्च अनावश्यक वाटतो. मात्र वार्षिक सर्व्हिसिंगचा खर्च काही हजारांत असतो, तर इंजिन उघडण्याचा खर्च अनेक पटींनी अधिक. ब्रेक पॅडऐवजी डिस्क, कुलंटऐवजी हेड, अलाइनमेंटऐवजी टायरचा जोड, अशी ही चढती भाजणी आहे. शिवाय कमी हवा व बुजलेली गाळणी यांमुळे इंधन अधिक जळते, ते वेगळेच. जुनी गाडी विकताना सर्व्हिसिंगची बिले जपून ठेवलेल्या मालकाला चांगला भाव मिळतो.

ज्यांना एकदम खर्च झेपत नाही त्यांनी कामांचा क्रम ठरवावा. ब्रेक, टायर, स्टिअरिंग व दिवे ही जिवाशी निगडित कामे आधी; तेल, कुलंट व गाळण्या ही इंजिनाशी निगडित कामे त्यानंतर; रंग, सीट कव्हर, संगीत यंत्रणा सर्वांत शेवटी. अनेकांकडे हा क्रम नेमका उलटा असतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी

लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी पुढील गोष्टी पाहाव्यात. याला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

१. पाचही टायरमधील हवा, नक्षी व बाजूवरील फुगवटे.
२. इंजिन तेल, कुलंट, ब्रेक तेल व काच धुण्याचे पाणी यांच्या पातळ्या.
३. गाडीखालील जमिनीवर तेलाचे वा कुलंटचे डाग.
४. पुढचे, मागचे व ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर.
५. जॅक, पाना, धोक्याचा त्रिकोण, विजेरी, प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी.
६. वाहन परवाना, नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत.
७. सर्व प्रवाशांचे, विशेषतः मागील आसनावरील, सीटबेल्ट चालू स्थितीत आहेत काय.

महामार्गावर गाडी बंद पडल्यास ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि सर्वांनी गाडीतून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

खंडेनवमीची नवी रीत

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे व यंत्रे यांची पूजा करण्याची परंपरा आहे. दसऱ्याला वाहनाला झेंडूचे हार घातले जातात. ज्या साधनावर आपला निर्वाह व सुरक्षितता अवलंबून, त्याची वर्षातून एकदा कृतज्ञतेने निगा राखावी, हाच या परंपरेचा आशय आहे. त्या दिवशी गाडीची पुस्तिका काढून कोणते काम केव्हा झाले आणि कोणते राहिले, याची नोंद घेण्याची रीत प्रत्येक घराने पाडावी. पाऊस ओसरलेला असतो आणि पुढे दिवाळीचे प्रवास असतात, म्हणून हा काळ तपासणीसही सोयीचा आहे. दुसरी तपासणी गुढीपाडव्याच्या सुमारास, उन्हाळा तापण्यापूर्वी करावी. वर्षातील हे दोन दिवस पाळले, तरी रस्त्यात अडकण्याचे बहुतेक प्रसंग टळतील आणि देवदर्शनाला निघालेले कुटुंब सुखरूप घरी परतेल.